पाळीच्या आधीचे ते आठ-दहा दिवस: घरच्या घरी काय काय करता येतं, एकेक पायरी

पाळी यायच्या आठ-दहा दिवस आधी मला कुकरची शिट्टीसुद्धा सहन व्हायची नाही. छाती इतकी दुखायची की गाडीवर साधा खड्डा आला तरी कळ यायची, पोट असं फुगायचं की सकाळी घातलेला कुर्ता संध्याकाळी घट्ट, आणि नाशिकमध्ये इंदिरानगरहून सातपूरला कामावर जाताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभं असताना एकदम रडू यायचं, कारण विचारलं तर काहीच नाही. मग पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं गायब. सासरी-माहेरी सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की हिचा स्वभाव तापट, आणि मी पण तेच खरं मानून चालले, चौतिशीपर्यंत.

आपल्याकडे पाळीला किती शब्द आहेत बघा, कावळा शिवला, बाहेरची, अडचण, एमसी, डेट आली. पण पाळीच्या आधीच्या दिवसांना एकही शब्द नाही. माझ्या आजीच्या घरी दिंडोरीकडे बायका चार दिवस बाहेर बसायच्या, म्हणजे पाळी आल्यावर सगळ्या घराला कळायचं, पण त्याच्या आधीचा आठवडा ती बाई कशी काढतेय हे तिचं तिलाच माहीत. शब्द नाही म्हणून मग 'स्वभाव' म्हणून मोकळे होतात. या पाळीआधीच्या त्रासाला पीएमएस, म्हणजे प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम म्हणतात आणि त्यासाठी घरच्या घरी खूप काही करता येतं, फक्त ते योग्य वेळी सुरू करावं लागतं. त्रास सुरू झाल्यावर नाही, त्याच्या आधी. मी आणि माझ्या दोन-तीन मैत्रिणींनी जे करून बघितलं आणि त्यामागे जी माहिती आहे ते सगळं सांगते.

आधी हे होतं कशाने ते थोडक्यात

पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी अंडाशयातून अंडं बाहेर पडतं. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि पाळी जवळ आली की ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही धाडकन खाली येतात. आता गंमत अशी की पीएमएस असलेल्या बायकांची हार्मोन्सची पातळी बहुतेक वेळा नॉर्मलच असते, फरक असतो तो या चढउताराला मेंदू कसा प्रतिसाद देतो त्यात, त्यात मूड सांभाळणारं सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन, झोप, भूक हे सगळं आलं. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे तुला काही झालेलं नाही' असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे.

प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम हे नाव १९५३ साली कॅथरिना डाल्टन या ब्रिटिश डॉक्टरीणबाईंनी रेमंड ग्रीन यांच्यासोबत लिहिलेल्या लेखातून रुळलं. डाल्टनबाईंना स्वतःला पाळीच्या वेळी अर्धशिशी व्हायची आणि गरोदरपणात ती थांबली, तिथून त्यांना हा धागा सापडला. म्हणजे एका बाईने आपल्याच डोकेदुखीकडे नीट लक्ष दिलं म्हणून आज आपल्याला हे नाव मिळालंय, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पायरी १: दोन महिने फक्त लिहा, बाकी काही बदलू नका

ही पायरी सगळ्याजणी गाळतात आणि तिथेच फसतं. ॲप असेल तर ॲप, नाहीतर स्वयंपाकघरातलं कालनिर्णय आहेच. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १, आणि तिथून रोज रात्री झोपायच्या आधी चार-पाच गोष्टींना ० ते ३ मार्क द्यायचे. ० म्हणजे काही नाही, ३ म्हणजे आज काम सुचलं नाही. मी पाच गोष्टी निवडल्या होत्या, चिडचिड, रडू, छातीचं दुखणं, पोट फुगणं आणि झोप. तुमच्या वेगळ्या असतील, कुणाला गोड खायची प्रचंड हाव सुटते, कुणाला पिंपल्स, कुणाचं डोकं दुखतं, कुणाला नुसतं थकल्यासारखं. भिंतीवर सगळ्यांसमोर लिहायला नको वाटत असेल तर फक्त आकडे लिहा, दुसऱ्या कुणाला कळत नाही, दुधाचा हिशोब वाटतो.

रोज लिहायचं हे खरंच रोज. महिन्याच्या शेवटी आठवून लिहिलं तर आठवणी दगा देतात, वाईट दिवस जास्त लक्षात राहतात आणि बरे दिवस पुसले जातात.

दोन महिन्यांनी पान बघा. पाळीच्या आधीच्या पाच-सात-दहा दिवसांत आकडे चढलेत, पाळी आल्यावर चार दिवसांच्या आत उतरलेत आणि त्यानंतरचा आठवडाभर जवळपास शून्य आहेत, तर हे पीएमएस. डॉक्टर साधारण सलग तीन पाळ्यांमध्ये असंच दिसतंय का ते बघतात. पण आकडे महिनाभर सारखेच असतील तर मामला वेगळा, थायरॉइड असू शकतं, रक्त कमी असू शकतं, डिप्रेशन असू शकतं. माझ्या एका मैत्रिणीचं पान असंच सपाट आलं, रोज २, रोज २, आणि तपासणीत हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता, तेव्हा ही शक्यता लांबची समजू नका.

माझ्या पानावर दिसलं की माझा त्रास एकोणिसाव्या दिवशी सुरू होतो. ही तारीख कळणं हेच अर्धं काम, कारण आता मला सतराव्या दिवसापासून तयारी करता येते. तुमची पाळी २८ दिवसांची असेल तर अंडं साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं, ३२ दिवसांची असेल तर अठराव्याच्या आसपास, म्हणजे पुढच्या पाळीच्या तारखेतून १४ वजा करायचे. इथून पुढच्या सगळ्या गोष्टी या तारखेपासून पाळी येईपर्यंत जास्त कटाक्षाने पाळायच्या.

आणि एक, सगळं एकदम सुरू करू नका. एका महिन्यात एक बदल. नाहीतर बरं वाटलं तरी कशाने वाटलं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात सगळंच सुटतं.

पायरी २: खाणं (इथे सगळ्यात जास्त फरक पडला)

पहिली गोष्ट, उपाशी राहायचं नाही. डाल्टनबाई त्यांच्या पेशंटना दर तीन तासांनी थोडं पिष्टमय खायला सांगायच्या. त्यांच्या बाकीच्या उपचारांवर नंतर बरेच वाद झाले, पण थोडं थोडं, वेळेवर खाणं हा सल्ला आजही दिला जातो. माझं आधी काय व्हायचं, सकाळी सगळ्यांचे डबे भरून स्वतः फक्त चहा, मग एक वाजता जेवण, मग साडेसातला घरी येईपर्यंत पुन्हा चहाच. घरात पाऊल टाकलं की भांडण ठरलेलं. आता पर्समध्ये एक छोटी डबी असते, भाजलेले चणे-शेंगदाणे, नाहीतर एक राजगिऱ्याचा लाडू, नाहीतर केळं, आणि अकरा आणि साडेचारला ते खाते म्हणजे खातेच. त्या साडेचारच्या खाण्याने माझ्या संध्याकाळी वाचवल्यात.

दुसरी गोष्ट कॅल्शियम. यावर चांगला पुरावा आहे. १९९८ साली अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, त्यात बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आणि तिसऱ्या पाळीपर्यंत त्यांचा एकूण त्रास ४८ टक्क्यांनी कमी झाला, नुसती खोटी गोळी (दिसायला तशीच, पण औषध नसलेली) घेतलेल्यांचा ३० टक्क्यांनी. दोन्ही आकडे मुद्दाम सांगतेय, म्हणजे अपेक्षा योग्य राहील. आणि तिसऱ्या पाळीपर्यंत हे लक्षात ठेवा, आठवड्यात काही होत नाही.

गोळीआधी ताट बघूया, कारण आपण नाशिककर याबाबतीत नशीबवान आहोत, आपल्याकडे नागली आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी सगळीकडे पिकते, बाकी महाराष्ट्र नाचणी म्हणतो. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. माझा दिवस असा, दोन मध्यम नागलीच्या भाकरी म्हणजे साधारण ८० ग्रॅम पीठ, २८० झाले. एक पेला दूध २४० च्या आसपास. एक वाटी दही २०० च्या वर. एक मोठा चमचा तीळ भाजून चटणीत किंवा भाकरीवर थापून, ते १०० तरी. झाले की आठशेच्या पुढे, आणि वर शेवग्याचा पाला किंवा राजगिऱ्याची भाजी असेल तर हजाराला टेकतं. ज्यांना नागलीची भाकरी थापता येत नाही त्यांनी उकड काढून करा, तुटत नाही, किंवा ताकातली आंबील, ती तर उन्हाळ्यात सकाळी प्यायला उत्तम. नागलीचे पापड मात्र यात धरू नका, त्यात मीठ आणि पापडखार असतो. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, विशेषतः मुतखडा होऊन गेला असेल तर, आणि लोहाची गोळी चालू असेल तर दोन्ही एका वेळी नको, कॅल्शियम लोहाला आत शोषू देत नाही.

मीठ. पोट फुगणं, पाय जड होणं, अंगठी घट्ट होणं याच्यात मिठाचा हात असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट एक चमचाभर, आणि ते लोणचं, पापड, फरसाण, चिवडा सगळं धरून. आता नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा असं मी सांगणार नाही, मला स्वतःला जमणार नाही. पण विसाव्या दिवसापासून पाळी येईपर्यंतचा जो रविवार येतो तो मी सोडते, पाळी झाल्यावरचा रविवार माझा. पाणी मात्र कमी करू नका, अंगात पाणी साठतं म्हणून पाणी कमी प्यायचं असं काही बायका करतात त्याने फायदा नाही.

चहा. कॅफीनचं निम्मं प्रमाण शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अंगात आहे. या दिवसांत सकाळी एक, दुपारी एक, चारनंतर नाही. जेवणावर लगेच चहा तर एरवीही नको, लोह वाया जातं. आणि वाइनचं गाव आपलं, तर सांगून ठेवते, त्या आठवड्यात दारू कुठल्याही रूपात घेतली की झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशीचा मूड आणखी खाली जातो.

उपवासाचं जरा नाजूक आहे पण बोलायला हवं. चतुर्थी, सोमवार, नवरात्र, नेमकं या दिवसांत आलं आणि दिवसभर चहा आणि संध्याकाळी साबुदाणा असा उपवास केला तर डोकंदुखी आणि चिडचिड ठरलेली. उपवास करायचा तर करा, पण भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, खजूर, दूध असं वेळेवर खाऊन करा. आणि सप्तशृंगीला जायचंय, घरात पूजा आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका प्लीज. त्या हार्मोनच्याच गोळ्या असतात, त्यांनीच पोट फुगणं, छाती दुखणं, मूड जाणं हे होऊ शकतं, आणि काही जणींना त्या अजिबात चालत नाहीत, ते डॉक्टरनेच ठरवायचं.

पायरी ३: चालणं, पण पाळी झाल्यापासून

व्यायामाने मूड आणि थकवा दोन्हीला फरक पडतो, पण ज्या दिवशी उठवत नाही त्या दिवशी व्यायाम सुरू होत नाही हे मी चार वेळा अनुभवलंय. म्हणून सवय पाळीनंतरच्या चांगल्या आठवड्यात लावायची. आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटं, इतकं जलद की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. कृषीनगरचा ट्रॅक आहे, गोल्फ क्लबचं मैदान आहे, सिडको-पाथर्डी फाट्याकडच्यांना पांडवलेणीच्या पायऱ्या आहेत, आणि काहीच नसेल तर सोसायटीची गच्ची आहे. छाती दुखते म्हणून चालायचं टाळत असाल तर आधी नीट मापाची, घट्ट आधार देणारी ब्रा घ्या, माझं अर्धं दुखणं तिथेच कमी झालं.

जड दिवसांत मी चालणं पंधरा मिनिटांवर आणते आणि घरी येऊन उशा लावून सुप्त बद्धकोनासन, मग भिंतीला पाय लावून दहा मिनिटं, मग पाच-सात वेळा भ्रामरी. आसनं आधी कुणाकडून तरी शिकून घ्या, नाशिकमध्ये योग विद्या धामसारखे जुने वर्ग आहेत. ओटीपोट-कंबर धरली असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं.

पायरी ४: झोप

अंडं बाहेर पडल्यावर शरीराचं तापमान थोडंसं, साधारण अर्धा डिग्री सेल्सिअस, वाढलेलं राहतं, त्यामुळे या दिवसांत झोप उथळ लागते. खोली थंड ठेवा. थंडीत आपल्याकडे हा प्रश्न येत नाही, एप्रिल-मे मध्ये मात्र झोपायच्या आधी गार पाण्याने हातपाय धुवा, सुती कपडे, खिडकी उघडी. रोज एकाच वेळी उठायचं, रविवारी पण. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

पायरी ५: घरात सांगणं

हे मला सगळ्यात अवघड गेलं. नवऱ्याला मी सरळ सांगून टाकलं, 'अहो, उद्यापासून आठवडाभर माझं डोकं लवकर तापेल, संध्याकाळची भांडी आणि मुलाचा अभ्यास तुम्ही बघा, आणि मी चिडले तर लगेच उत्तर देऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.' चांगल्या दिवसात, शांतपणे, नेमकं काय हवंय ते सांगायचं. भांडणाच्या मध्यात 'मला पीएमएस आहे' म्हटलं तर ते कुणाच्याच कानात जात नाही. सासूबाई आधी म्हणाल्या, 'आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही', आणि दोन दिवसांनी भाजी निवडताना आपणहून म्हणाल्या की त्यांना पाळीच्या आधी रात्र रात्र झोप यायची नाही आणि त्या गच्चीत जाऊन बसायच्या. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसरं, राग आला की तो मुद्दा एका चिठ्ठीवर लिहायचा आणि डब्यात टाकायचा. निर्णय घ्यायचा नाही, मोठा मेसेज टाइप करून पाठवायचा नाही, राजीनामा तर अजिबात नाही. पाळीच्या चौथ्या दिवशी डबा उघडायचा. माझ्या निम्म्या चिठ्ठ्या वाचून मला त्यात काहीच वाटलं नाही, फाडून टाकल्या. पण निम्म्या अगदी खऱ्या होत्या. सकाळी साडेपाचला पाण्याची मोटर मीच का लावायची, माझ्या पगारातून काय घ्यायचं ते मला का विचारत नाहीत. ते प्रश्न महिनाभर तिथेच असतात, एरवी मी गिळून टाकते आणि या आठवड्यात गिळायची ताकद राहत नाही. म्हणून 'हिची पाळी आलीय, सोडा' म्हणून कुणी तुमचं म्हणणं उडवून लावत असेल तर ती चिठ्ठी घेऊन पाळीनंतर पुन्हा त्याच माणसासमोर बसा.

पायरी ६: काढे, गोळ्या, जडीबुटी

याबद्दल थोडक्यात, कारण मी यात सावध आहे. युरोपात व्हिटेक्स ॲग्नस-कास्टस नावाच्या झुडपाच्या फळांचा अर्क देतात, २००१ च्या एका चाचणीत तो घेणाऱ्या ५२ टक्के बायकांना बराच फरक पडला, खोटी गोळी घेणाऱ्या २४ टक्क्यांना. आपल्याकडे ओढ्याकाठी उगवणारी निरगुडी त्याच कुळातली, पण झाड वेगळं, म्हणून निरगुडीचा पाला उकळून प्यायला सुरुवात करू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, बाळासाठी प्रयत्न चालू असतील तर तो अर्कही नको. बी-६ जीवनसत्त्वाने काहींना बरं वाटतं, पण जास्त डोस महिनोनमहिने घेतला तर हातापायांना मुंग्या येऊन नसांना इजा होते, त्यापेक्षा हरभरे, केळी, बटाटा खा. मॅग्नेशियमसाठी बाजरी, भोपळ्याच्या बिया, पालेभाजी. इव्हनिंग प्रिमरोज नावाच्या फुलझाडाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल अभ्यासांमध्ये खोट्या गोळीपेक्षा फारशा सरस ठरलेल्या नाहीत, ते पैसे तिळावर खर्च करा.

पायरी ७: कधी थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं

तीन महिने नीट करूनही आकडे उतरत नसतील, दर महिन्याला सुट्टी पडत असेल, मुलांवर हात उचलला जात असेल, तर जा. तासाला पॅड बदलावं लागतंय, महिनाभर ओटीपोट दुखतंय, छातीत गाठ लागतेय, पाळी दोन-तीन महिने येतच नाही, तर तीन महिने थांबूच नका. चाळिशीनंतर अचानक त्रास वाढला तर पाळी जायच्या आधीचा काळ सुरू झालेला असू शकतो, तेही दाखवा.

मला एका ठिकाणी दोन मिनिटांत 'टेन्शन घेऊ नका, दुसरं मूल झालं की आपोआप कमी होईल' असं सांगून बाहेर पाठवलं होतं. मी रडतच घरी आले. दुसऱ्या वेळी कालनिर्णयची तीन पानं फाडून घेऊन गेले आणि टेबलावर ठेवली, त्या डॉक्टरबाईंनी चष्मा लावून एकेक आकडा बघितला आणि मग थायरॉइड आणि रक्त तपासायला लिहून दिलं. तुम्हीही पानं न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-काढ्यांची नावं लिहून न्या, आणि 'चिडचिड होते' एवढंच न म्हणता 'महिन्यातले आठ दिवस मला ऑफिसचं काम जमत नाही' असं सांगा.

आणि काही जणींना याचा फार तीव्र प्रकार असतो, त्याला पीएमडीडी म्हणतात, २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन नियमावलीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यात नुसती चिडचिड नसते, सगळं संपल्यासारखं वाटतं, जगू नये असं वाटतं आणि पाळी आली की ते ढग निघून जातात. यावर नागली आणि चालणं पुरे पडत नाही आणि पडायलाही नको, यावर औषधं आहेत, काही जणींना ती महिन्यातले फक्त पाळीआधीचे पंधरा दिवस घ्यावी लागतात, आणि समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. असे विचार आले तर त्याच वेळी घरातल्या कुणाला तरी उठवा किंवा १४४१६ ला फोन लावा, टेली मानस आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात. 'दोन दिवसांत पाळी येईलच, मग जाईल' म्हणून थांबू नका.